कागदावरचा करार आणि कामावरचा माणूस

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



चाकणच्या एखाद्या कारखान्याच्या फाटकावर पहिल्या पाळीला उभ्या राहणाऱ्या तरुणाला लंडनच्या सर्वोच्च न्यायालयाशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो गैर नाही. ब्रिटिश न्यायाधीशाचा निकाल या देशातील कोणत्याही न्यायालयावर बंधनकारक नाही. प्रिव्ही कौन्सिलकडे अपील नेण्याची वाट १९४९ सालीच बंद झाली. असे असूनही, गेल्या सात-आठ वर्षांत ब्रिटनमधील कामगारविषयक कायद्यात जे घडले ते पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यातील कार्यकर्त्याने नीट समजून घेण्याची गरज आहे. तिथे आज जो प्रश्न न्यायालयासमोर येतो आहे, तोच या पट्ट्यात रोज सकाळी फाटकावर उभा असतो. माणूस काम कोणाचे करतो आणि कागदावर तो कोणाचा आहे, हा तो प्रश्न.

शिवाय हे नाते जुने आहे. १९०० साली दक्षिण वेल्समधील टॅफ व्हेल रेल्वेच्या कामगारांनी संप केला. संपामुळे झालेल्या नुकसानीबद्दल कंपनी थेट संघटनेवर दावा लावू शकते, असा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्सने १९०१ मध्ये दिला आणि संघटनेला २३,००० पौंडांची भरपाई मोजावी लागली. संप करायचा तर तिजोरी गमावण्याची तयारी ठेवा, एवढाच त्याचा अर्थ होता. ब्रिटिश कामगारांनी या निकालाला उत्तर दिले ते मतपेटीतून. १९०६ च्या निवडणुकीत मजूर पक्षाचे २९ सभासद निवडून आले आणि त्याच वर्षी संघटनांना अशा दाव्यांपासून संरक्षण देणारा कायदा पार्लमेंटला करावा लागला.

हिंदुस्थानात तोच डाव पंधरा वर्षांनी खेळला गेला. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या लढ्यात मद्रास उच्च न्यायालयाने बी. पी. वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध मनाईहुकूम काढला. ज्या देशाने स्वतःच्या कामगारांना १९०६ मध्ये संरक्षण दिले, त्याच देशाचे राज्यकर्ते येथे १९२१ मध्ये जुनाच कायदा चालवीत होते. भारत सेवक समाजाचे ना. म. जोशी यांनी १९२१ साली मध्यवर्ती कायदेमंडळात कामगार संघटनांना कायदेशीर मान्यता व संरक्षण देण्याचा ठराव मांडला. त्यातून पुढे १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला. त्याच्या १७ व १८ या कलमांनी संघटनेच्या कार्यकर्त्यांना कटाच्या खटल्यापासून आणि दिवाणी दाव्यापासून जे कवच दिले, ते मुळात वेल्सच्या रेल्वे कामगारांनी गमावलेल्या २३,००० पौंडांचे फळ होते. तीच कलमे २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत उतरली आहेत. कवच कायम असले तरी फाटकापासून अमुक मीटरच्या आत घोषणा देऊ नयेत असे मनाईहुकूम औद्योगिक न्यायालयांतून आजही निघतात, हे या सभेला सांगायला नको.

भांडवलाचा प्रवास मात्र आता उलट्या दिशेनेही होतो. ज्या टेल्कोने साठच्या दशकात पिंपरीच्या माळावर कारखाना घातला, तिनेच टाटा मोटर्स या नावाने २००८ मध्ये ब्रिटनची जॅग्वार लँड रोव्हर विकत घेतली. आणि २०११ पासून त्या गाड्यांची जुळणी पिंपरी-चिंचवडच्या परिसरात होऊ लागली. मालक समुद्र ओलांडून दोन्हीकडचे कायदे शेजारी ठेवून वाचतो. कामगार चळवळीने ते वाचू नयेत, हे शहाणपणाचे नव्हे.

आता अलीकडच्या निकालांकडे वळू. त्यांतील सर्वांत महत्त्वाचा निकाल १९ फेब्रुवारी २०२१ चा. उबर कंपनीच्या मोटारी चालविणाऱ्या चालकांनी २०१६ साली लंडनच्या कामगार न्यायाधिकरणापुढे दोनच गोष्टी मागितल्या होत्या: किमान वेतन आणि पगारी रजा. कंपनीचे उत्तर ठरलेले होते. करारपत्रात स्पष्ट लिहिले आहे की चालक हा स्वतंत्र व्यावसायिक आहे. त्याचा करार प्रवाशाशी होतो, कंपनी केवळ मध्यस्थ दलाल आहे. चालकाने ते वाचून मान्य केले आहे. पाच वर्षे आणि चार पायऱ्या चढून खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. लॉर्ड लेगॅट यांच्या निकालपत्राला सर्व न्यायाधीशांनी एकमताने संमती दिली.

त्या निकालाचा गाभा असा. किमान वेतन व रजा हे हक्क करारातून निघत नाहीत, ते पार्लमेंटच्या कायद्यातून निघतात. दुबळ्याला बलवानापासून वाचविण्यासाठी तो कायदा झाला. मग बलवानाने स्वतःच लिहिलेल्या करारपत्रापासून विचाराला सुरुवात केली, तर कायद्याचा हेतूच मारला जातो. ज्याच्या हाती लेखणी आहे तो कायद्याच्या कक्षेतून स्वतःला वगळून घेणारच. म्हणून न्यायालयाने करारपत्र बाजूला सारले आणि रोजच्या कामात काय घडते ते पाहिले. भाडे कंपनी ठरविते. कामाच्या अटी कंपनी ठरविते. चालकाने फार वेळा फेरी नाकारली तर त्याला यंत्रणेतून काही काळ बाहेर काढले जाते. प्रवाशांनी दिलेल्या गुणांवर त्याची नोकरी लटकलेली असते. आणि प्रवाशाशी त्याचा स्वतंत्र संबंध जुळू नये याची काळजीही कंपनीच घेते. अशा माणसाला स्वतंत्र व्यावसायिक म्हणणे म्हणजे हमालाला वाहतूक ठेकेदार म्हणण्यासारखे आहे. निकालानंतर महिन्याभरातच कंपनीने ब्रिटनमधील ७०,००० हून अधिक चालकांना किमान वेतन, पगारी रजा व निवृत्तिवेतन लागू करीत असल्याचे जाहीर केले. निकालाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ब्रिटिश कायद्यात पूर्ण नोकर, ‘वर्कर’ आणि स्वतंत्र व्यावसायिक अशा तीन पायऱ्या आहेत. चालकांना मधली पायरी मिळाली. अन्यायाने काढून टाकल्याविरुद्धचे संरक्षण त्या पायरीवर मिळत नाही.

या निकालाचे मराठी वृत्तपत्रांत नवलाईने स्वागत झाले. वस्तुतः हा विचार या देशाला नवा नाही, आणि महाराष्ट्राला तर मुळीच नाही. नागपूरच्या एका विडी कारखान्यातील कामगारांनी पगारी रजा मागितली होती. मालक म्हणाला, हे कामगार वाटेल तेव्हा येतात, वाटेल तेव्हा जातात, नगावर पैसे घेतात; हे माझे नोकर कसे? सर्वोच्च न्यायालयाने १९६१ च्या निकालसंग्रहात नोंदलेल्या आपल्या निर्णयात ठरविले की येण्याजाण्याची मोकळीक असली तरी काम कारखान्यात होते, विडी बरी झाली नाही तर ती नाकारण्याचा अधिकार मालकाला आहे, तेव्हा हे कामगारच होत. आज मोबाइलवर ‘हवे तेव्हा काम करा’ अशी जी जाहिरात दिसते, तिचा निवाडा नागपूरच्या विडीवाल्यांनी साठ वर्षांपूर्वी करून घेतला होता. त्याच्याही आधी सौराष्ट्रातील धरांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात मिठागरांतील अगरियांना न्यायालयाने कामगार ठरविले; आणि ते अगरिया तर स्वतःच्या खर्चाने मदतनीस लावीत असत. मदतनीस लावला म्हणून माणूस मालक होत नाही, तो स्वतः घाम गाळतो आहे की नाही हे पाहावे, असा तो निर्णय होता.

परंतु न्यायालय नेहमीच एका सुरात बोलत नाही. नागपूरच्या निकालानंतर वर्षभराच्या आतच सिन्नरच्या एका विडी कारखान्याचा खटला आला. वाद तोच, पगारी रजेचा. कामगाराला कामाच्या वेळेचे बंधन नाही, कामावर देखरेख नाही, म्हणून तो फॅक्टरी कायद्याखाली कामगार नाही, असे बहुमताने ठरले, न्या. सुब्बाराव यांनी आपले विरोधी मत नोंदविले. नागपूर आणि सिन्नर यांच्यामध्ये कायद्याची रेषा अशी वाकडी गेली. ती सरळ केली ती न्यायालयाने नव्हे. १९६६ मध्ये विडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, त्याने ठेकेदारामार्फत घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगारांच्या व्याख्येत घेतले, आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. (तो कायदाही आता २०२० च्या संहितांत विलीन झाला आहे.)

ब्रिटनमध्येही नागपूरनंतर सिन्नर आलेच. २१ नोव्हेंबर २०२३ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने घरपोच अन्न पोहोचविणाऱ्या डिलिव्हरू कंपनीच्या मुलांना सामूहिक वाटाघाटीचा हक्क नाकारला. कारण काय? तर करारानुसार त्यांना आपल्या जागी दुसऱ्या कोणालाही पाठविण्याची जवळजवळ अनिर्बंध मोकळीक होती. दहा-बारा वर्षांपूर्वी, २०११ साली, मोटारी धुऊन पुसणाऱ्या कामगारांच्या खटल्यात याच न्यायालयाने असे ‘बदली पाठवा’ कलम कागदापुरते आहे म्हणून फेटाळले होते. येथे ते खरोखर वापरले जाते असे पुराव्यात निघाले. मालकाच्या वकिलांनी जुन्या निकालातून धडा घेतला आणि कलम अधिक बळकट केले, असाच याचा अर्थ. अगरियांच्या निकालाची तर्कपद्धती तेथे लागू झाली असती, तर निर्णय कदाचित वेगळा झाला असता.

आणि येथे एका तारखेचा योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. बरोबर दोन वर्षांनी, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, भारत सरकारने चार श्रमसंहिता अंमलात आणल्या. त्यांतील सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग’ कामगारांना प्रथमच कायद्यात स्थान दिले म्हणून बरीच दवंडी पिटली गेली. स्थान दिले खरे. पण व्याख्या काय केली? पारंपरिक मालक-नोकर संबंधाच्या बाहेर काम करणारी व्यक्ती. म्हणजे ब्रिटिश चालकांनी पाच वर्षे झगडून जो प्रश्न जिंकला, त्याचे उत्तर भारतीय कायद्याने पहिल्याच ओळीत कंपनीच्या बाजूने लिहून ठेवले. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के, पण या कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांपेक्षा अधिक नाही, इतका निधी द्यायचा. त्यातून विमा मिळेल, काही योजना मिळतील. किमान वेतन मात्र मालक-नोकर संबंधावाचून मिळणार नाही. न्यायाधीश करारपत्राचा पडदा दूर करू शकतो, संसदेने विणलेला पडदा दूर करणे त्याला फार कठीण.

चाकणच्या पट्ट्यातील मूळ दुखणे मात्र मोबाइलवरचे नाही, ते यंत्राशेजारचे आहे. एकाच लाइनवर एकच बोल्ट आवळणारी चार माणसे असतात: एक कायम, एक ठेकेदाराचा, एक शिकाऊ, एक कुठल्याशा ‘कमवा आणि शिका’ योजनेतला. चौघांचा पर्यवेक्षक एक, चौघांची पाळी एक, पगार चार. केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेने २०१३ मध्ये आणलेली आणि पुढे मागे घेतली गेलेली ‘नीम’ योजना या पट्ट्यात कशी वापरली गेली हे सर्वांनी पाहिले आहे. प्रशिक्षणाच्या नावाखाली तीन वर्षे उत्पादन काढून घ्यायचे आणि मग प्रमाणपत्र हाती देऊन निरोप द्यायचा.

कायद्याने या माणसाला काही दिलेच नाही असे नव्हे. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा होता. १९७८ मध्ये केरळमधील एका दोर कारखान्याच्या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी अत्यंत स्वच्छ शब्दांत सांगितले की ज्याच्या हाती कामगाराच्या चरितार्थाची नाडी तोच खरा मालक. मध्ये ठेकेदारांची कितीही साखळी असो, न्यायालयाने बुरखा दूर सारून पाहावे. लॉर्ड लेगॅट २०२१ मध्ये जे बोलले ते येथे त्रेचाळीस वर्षे आधी बोलले गेले होते. पण मग जागतिकीकरणाचे वारे न्यायालयातही शिरले. १९९६ मध्ये एअर इंडियाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की कंत्राटी पद्धत रद्द झाली की कामगार मूळ मालकाकडे आपोआप जातात. ३० ऑगस्ट २००१ रोजी पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो निर्णय फिरविला. आपोआप काहीच होणार नाही. कंत्राट हे निव्वळ सोंग आहे असे कामगाराने औद्योगिक न्यायालयात सिद्ध करावे. २०१४ च्या आणखी एका निकालाने या कसोट्या अधिकच कडक केल्या. दार बंद झाले नाही, परंतु दाराची किल्ली पुराव्यात ठेवली गेली. या मुद्द्याकडे शेवटी पुन्हा यावे लागेल.

नव्या संहितांनी यात काय भर घातली? व्यावसायिक सुरक्षा संहितेत मुख्य उत्पादनकामात कंत्राटी कामगार लावू नयेत असे म्हटले आहे. वाचून बरे वाटते. मग अपवाद सुरू होतात: जे काम रूढीने ठेकेदाराकडून होते ते वगळून, कामाचा भार एकाएकी वाढला तर वगळून, इत्यादी. मोटार उद्योगात कामाचा भार कोणत्या महिन्यात एकाएकी वाढलेला नसतो? कायदा लागू होण्याची मर्यादा २० कंत्राटी कामगारांवरून ५० वर गेली. महाराष्ट्राने ती आधीच नेली होती. आणि एका शब्दाचा बदल तर कार्यकर्त्यांनी आवर्जून वाचावा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराच्या व्याख्येत शिकाऊ उमेदवार ‘धरून’ असा उल्लेख होता. नव्या औद्योगिक संबंध संहितेत १९६१ च्या कायद्याखालील शिकाऊ उमेदवार ‘वगळून’ असा आहे. शिकाऊंच्या स्वतंत्र कायद्याने त्यांना पूर्वीही प्रशिक्षणार्थीच मानले होते हे खरे. पण जी फट होती ती आता बुजविण्यात आली आहे.

न्यायालयाकडून कामगाराला काहीच मिळत नाही, असा निष्कर्ष यातून काढणे चुकीचे ठरेल. पिंपरीचे नाव सर्वोच्च न्यायालयाच्या निकालसंग्रहात हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सच्या कामगारांमुळे गेले: सरकारी कारखाना म्हणून तेथील पगाराला वेगळा, कमी दर्जाचा न्याय लावता येणार नाही, खासगी उद्योगातील तत्त्वेच लागू होतील, हे त्यांनी साठच्या दशकात ठरवून घेतले. आणि काढून टाकलेल्या कामगाराला परत कामावर घेण्याचा आदेश औद्योगिक न्यायाधिकरण देऊ शकते, हे तर फेडरल कोर्टाने १९४९ मध्येच मुंबईच्या मोटार व्यवसायातील खटल्यात मान्य केले होते. इंग्लंडच्या परंपरागत कायद्याला तोवर ही कल्पनाच सहन होत नव्हती. नोकरीचा करार मोडला तर नुकसानभरपाई घ्या आणि घरी जा, एवढेच तो सांगे.

म्हणूनच १२ सप्टेंबर २०२४ चा टेस्को निकाल तेथे मोठा मानला गेला. टेस्को या दुकानदारी कंपनीने गोदामांच्या फेररचनेच्या वेळी कामगारांना दूरच्या गोदामात जाण्यास राजी केले ते एका जादा वेतनाच्या वचनावर. हे वेतन कायमचे आहे, असे लेखी सांगितले होते. २०२१ मध्ये कंपनीने पवित्रा बदलला: जादा वेतन सोडा, नाहीतर नोकरीवरून काढू आणि कमी पगारावर पुन्हा घेऊ. कामगारांच्या वतीने त्यांची संघटना न्यायालयात गेली. खाली जिंकली, मधल्या न्यायालयात हरली, आणि सर्वोच्च न्यायालयात पुन्हा जिंकली. वचन मोडण्याच्या हेतूने नोकरीवरून काढण्याचा अधिकार वापरता येणार नाही असे ठरवून न्यायालयाने कंपनीविरुद्ध मनाईहुकूम कायम केला. एरवी मनाईहुकूम हे कामगारांविरुद्धचे हत्यार असते. येथे ते कामगारांच्या हाती आले.

त्याआधी मार्च २०२२ मध्ये पी अँड ओ फेरीज या बोट कंपनीने सुमारे ८०० खलाशांना एका दिवसात, कसलीही सल्लामसलत न करता, घरी पाठविले होते व त्यांच्या जागी स्वस्त मजुरीचे परदेशी खलाशी आणले होते. कंपनीच्या प्रमुखाने पार्लमेंटच्या समितीसमोर कबूल केले की सल्लामसलतीचा कायदा आपण जाणूनबुजून मोडला. दंड परवडतो, एवढाच त्याचा हिशेब होता. लोकमत खवळले, आणि काढून टाकून पुन्हा घेण्याच्या या पद्धतीला आळा घालण्याची तरतूद २०२५ च्या कायद्यात आली.

संपाच्या हक्काबाबतीत दोन देशांतील विरोध सर्वांत ठळक दिसतो. ब्रिटनमध्ये संपात भाग घेतल्याबद्दल काढून टाकण्याविरुद्ध काही संरक्षण होते, पण त्याहून लहान शिक्षेविरुद्ध, म्हणजे निलंबन किंवा ताकीद यांविरुद्ध, नव्हते. काळजीवाहू संस्थेत काम करणाऱ्या एका संघटना-प्रतिनिधी महिलेने हा प्रश्न धसास लावला. १७ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जाहीर केले की ही उणीव युरोपीय मानवी हक्क करारातील संघटनास्वातंत्र्याच्या अकराव्या कलमाशी विसंगत आहे. तेथील न्यायालय पार्लमेंटचा कायदा रद्द करू शकत नाही, विसंगत आहे एवढेच म्हणू शकते. १८ डिसेंबर २०२५ रोजी संमत झालेल्या एम्प्लॉयमेंट राइट्स कायद्याने ती उणीव भरून काढण्याची तरतूद केली. त्याच कायद्याने संपाच्या काळातही किमान सेवा चालू ठेवण्याची सक्ती करणारा २०२३ चा कायदा रद्द केला, आणि संपाच्या पूर्वसूचनेची मुदत १४ दिवसांवरून १० वर आणली. मार्गारेट थॅचर यांच्या काळापासून आवळत नेलेला दोर चाळीस वर्षांनी थोडा सैल झाला. फार झाला असे मात्र नव्हे. पहिल्या दिवसापासून अन्याय्य बडतर्फीविरुद्ध संरक्षण देण्याचे वचन मजूर पक्षाने वाटेतच सोडले आणि सहा महिन्यांच्या नोकरीची अट स्वीकारली.

भारतात त्याच सुमारास काय झाले? पूर्वी १४ दिवसांची पूर्वसूचना केवळ लोकोपयोगी सेवांना लागू होती. औद्योगिक संबंध संहितेने ती सर्व उद्योगांना लावली. म्हणजे ब्रिटनने जो १४ चा आकडा टाकून दिला, तो भारताने त्याच हिवाळ्यात उचलून घेतला. सूचना दिली की समेटाची कार्यवाही सुरू होते. ती चालू असताना आणि नंतर सात दिवस संप बेकायदा. प्रकरण न्यायाधिकरणाकडे गेले तर ते चालू असेतोवर आणि पुढे साठ दिवस बेकायदा. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकदम रजा टाकली तरी तो संपच. बेकायदा संपाला हजार ते दहा हजार रुपये दंड किंवा महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. भारतीय राज्यघटनेतही संघटनास्वातंत्र्याचे कलम आहे, १९ (१) (ग). परंतु संघटना काढण्याच्या हक्कात संपाचा हक्क येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात म्हटले, आणि सरकारी नोकरांबाबत २००३ मध्ये ते अधिक कठोरपणे म्हटले. शब्द जवळजवळ तेच, अर्थ दोन.

या पट्ट्याने संपाची किंमत मोजलेली आहे. १९८९ साली टेल्कोच्या कामगारांनी शनिवारवाड्यावर केलेल्या उपोषणाचा शेवट पोलिसांच्या गाड्यांत झाला. २०१३ मध्ये बजाजच्या चाकण कारखान्यातील कामगारांनी सुमारे पन्नास दिवस काम बंद ठेवले. कंपनीच्या संपत्तीत वाटा म्हणून प्रत्येकी ५०० समभाग एक रुपया दराने द्यावेत ही त्यांची मागणी अभिनव होती. पण संप पदरात काही ठोस न पडता मागे घ्यावा लागला. शेजारी तळेगावला जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबविले, हजारावर कामगार रस्त्यावर आले आणि वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत राहिले. २०२३ मध्ये कारखाना ह्युंदाईने घेण्याचा करार झाला. तेवढी झुंज तरी देता आली ती कारखाना बंद करण्यास सरकारची परवानगी लागते म्हणून. ती परवानगी पूर्वी १०० कामगारांपासून लागे, आता केंद्रीय संहितेत ३०० पासून. मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरविणारे चाकण-भोसरीतील बहुसंख्य छोटे कारखाने या रेषेच्या खालीच आहेत.

ब्रिटिश निकालांच्या यादीत आणखी एक बाब नोंदली पाहिजे. २०१३ मध्ये तेथील सरकारने कामगार न्यायाधिकरणात दाद मागण्यास शुल्क लावले, बडतर्फीच्या तक्रारीला एकूण १,२०० पौंडांपर्यंत. तक्रारी सुमारे दोन तृतीयांशांनी घटल्या. युनिसन या संघटनेने त्याला आव्हान दिले आणि जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मॅग्ना कार्टापर्यंत मागे जाऊन हे शुल्क बेकायदा ठरविले. न्यायाचे दार पैशाने बंद करता येणार नाही, असा तो निर्णय होता. येथे शुल्काची गरजच नाही. पुढची तारीख पुरेशी आहे.

आता या सर्व खटल्यांतील एक समान गोष्ट पाहा. टेस्कोच्या मागे दुकान कामगारांची संघटना होती. शुल्काच्या खटल्यामागे युनिसन होती, संपाच्या खटल्यात ती महिला युनिसनचीच प्रतिनिधी होती. हरलेला डिलिव्हरूचा खटलाही एका लहानशा, प्रामुख्याने असंघटित व स्थलांतरित मजुरांच्या संघटनेने लढविला. या संघटनांनी ज्यांना कायद्याने कामगार म्हणायला नकार दिला होता, त्यांनाच आधी सभासद करून घेतले. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात काय दिसते? कारखान्यातील मान्यताप्राप्त संघटना कायम कामगारांची. दर तीन-चार वर्षांनी पगारवाढीचा करार होतो, फोटो निघतात, पेढे वाटले जातात. त्या करारात कंत्राटी कामगाराचे नाव क्वचितच असते. कित्येकदा कायम कामगारांच्या वाढीव पगाराची किंमत पुढच्या भरतीत वाढलेल्या कंत्राटी संख्येतून वसूल केली जाते, आणि हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटी संघटना होणार. एकावन्न टक्के कोणाचे? कायम माणसे निवृत्त होत आहेत, त्यांच्या जागा भरल्या जात नाहीत. कंत्राटी व शिकाऊ तरुणांना बाहेर ठेवून बांधलेली संघटना दहा वर्षांनी कारखान्यात अल्पसंख्य होईल, आणि तेव्हा तिच्या मान्यतेला हरकत घेणारा मालक फार लांब शोधावा लागणार नाही.

म्हणून पुन्हा पुराव्याकडे. २००१ च्या निकालाप्रमाणे कंत्राट सोंग आहे हे सिद्ध करायचे ते कामगाराने, आणि कागद सगळे मालकाजवळ. ठेकेदार दर अकरा महिन्यांनी किंवा दोन वर्षांनी बदलतो, माणूस त्याच यंत्रावर राहतो. नव्या ठेकेदाराकडून नवा गेटपास येतो, त्यावर नवी रुजू तारीख येते, जुना पास परत घेतला जातो. पण भविष्यनिर्वाह निधीचा खातेक्रमांक माणसाबरोबर राहतो. त्याच्या पासबुकात एकामागून एक ठेकेदारांची नावे आणि महिने सलग उमटलेले असतात. कामगार विम्याच्या नोंदी असतात. पाळी बदलल्याचा, रविवारी ओव्हरटाइमला बोलावल्याचा निरोप कंपनीच्या पर्यवेक्षकाकडून मोबाइलवर आलेला असतो, ठेकेदाराकडून नव्हे. उत्पादनाच्या फळ्यावर कायम कामगाराच्या नावाखाली कंत्राटी कामगाराचे नाव लिहिलेले असते. लंडनच्या न्यायालयाने उबरच्या बाबतीत नेमके हेच पाहिले: भाडे कोण ठरवितो, काम कोण देतो, शिक्षा कोण करतो. या पट्ट्यातील प्रत्येक कारखान्यात अशा कागदांची एक फाइल आजच तयार व्हायला हवी, आणि ती कायम कामगारांच्या संघटनेच्या कचेरीत, कायम कामगारांच्या वर्गणीतून घेतलेल्या कपाटात ठेवली गेली पाहिजे. पुढचा ठेकेदार येण्याआधी जुन्या गेटपासाची छायाप्रत काढून घेणे, हे त्यातले पहिले काम.